वनातील शिदोरी : राखणे ही कृपणता की भूतदया?

अन्न हे केवळ पोट भरण्याचे साधन नव्हे, ही शिकवण आपल्या घराघरांतून फार पूर्वीपासून चालत आलेली आहे. गृहस्थाने नित्य करावयाच्या पंचमहायज्ञांत भूतयज्ञाला स्वतंत्र स्थान आहे. देव, ऋषी, पितर आणि अतिथी यांच्याप्रमाणेच पशू, पक्षी आणि कृमिकीटक यांचाही आपल्या अन्नात भाग आहे, असे मानूनच वैश्वदेवाबरोबर बलिहरण सांगितले गेले. आज यथाविधी वैश्वदेव करणारी घरे थोडी राहिली आहेत. तथापि पहिली पोळी गायीसाठी बाजूला काढणारी आजी, पानाशेजारी चित्राहुती घालणारे आजोबा आणि पितृपक्षात कावळ्याची वाट पाहत तिष्ठणारे सारे कुटुंब, ही दृश्ये आपणांपैकी कोणास अपरिचित नाहीत. जो केवळ स्वतःसाठी शिजवतो तो पापच खातो, असा निर्वाळा भगवंतांनी गीतेच्या तिसऱ्या अध्यायात दिलेला आहे.

अशा संस्कारांत वाढलेला मनुष्य जेव्हा यात्रेच्या निमित्ताने अरण्यात रात्रीचा मुक्काम करतो, तेव्हा त्याच्यापुढे एक चमत्कारिक पेच उभा राहतो. घरी असताना जो मुक्या जीवास घास घातल्याशिवाय जेवत नाही, तोच येथे आपली शिदोरी डब्यात कोंबून झाकण घट्ट बसवतो, गाठोडे झाडाला उंच टांगतो आणि जवळ आलेल्या वानरास काठी आपटून दूर ठेवतो. मग घरचा धर्म निराळा आणि वनातला धर्म निराळा आहे काय? शिदोरी राखणे ही कृपणता आहे, की तोही एक धर्मच आहे? या प्रश्नाचा विचार या लेखात करावयाचा आहे.

हा प्रश्न आपल्या मंडळापुरता केवळ पुस्तकी नाही. मुंबई-अहमदाबाद महामार्ग आणि सुरत-बारडोली रस्ता जेथे एकमेकांस छेदतात, त्या कडोदऱ्याच्या परिसरात कापडाच्या व्यवसायानिमित्त धुळे, जळगाव आणि नंदुरबार या जिल्ह्यांतून आलेली कितीतरी मराठी कुटुंबे स्थायिक झालेली आहेत. गाव सुटले तरी दैवते सुटली नाहीत. सप्तशृंगीच्या गडावर जाणे होते, शिर्डीला पायी जाणे होते, आणि ज्यांचे उपास्य दत्तगुरू आहेत त्यांची पावले सुरतेहून रेल्वेने जुनागडकडे, गिरनारकडे वळतात. सुमारे दहा हजार पायऱ्या चढून गुरुशिखरावरील पादुकांचे दर्शन घेणे हे मराठी दत्तभक्ताच्या आयुष्यातील एक मोठे इप्सित असते. त्यांतील काही जण कार्तिकात गिरनारची परिक्रमाही करतात आणि त्या परिक्रमेतच हा प्रश्न प्रत्येक रात्री नव्याने उभा राहतो.

गुजराती बांधव या यात्रेस ‘लीली परकम्मा’ म्हणतात. लीली म्हणजे हिरवी. पावसाळा नुकताच सरलेला असतो, डोंगर हिरवागार असतो आणि सुमारे ३६ किलोमीटरची ही वाट अशा वनातून जाते की जे एरवी यात्रेकरूंना बंद असते. कार्तिक शुद्ध एकादशीपासून पौर्णिमेपर्यंत ती खुली होते. भवनाथाच्या तळेटीपासून निघून झीणाबावाची मढी, माळवेला आणि बोरदेवी अशी स्थाने घेत भाविक पुन्हा भवनाथास येतात. वाटेवर अन्नक्षेत्रे चालतात. पण पुष्कळ लोक आपली शिदोरी बरोबर नेतात आणि झाडाखाली अंथरूण टाकून रात्र काढतात. हे वन २००८ साली अभयारण्य म्हणून घोषित झाले; त्याचे क्षेत्र सुमारे १७८ चौरस किलोमीटर आहे. तेथे सिंह आहेत, बिबटे आहेत, चितळ, सांबर, रानडुकरे आणि वानरे आहेत. २०२३ सालच्या परिक्रमेत बोरदेवीजवळ बिबट्याच्या हल्ल्यात एका लहान मुलीचा जीव गेला. ते दुःख येथे आठवण्याचा हेतू कोणास दोष देण्याचा नाही; आपण जेथे अंथरूण टाकतो ते केवळ नावाचे अरण्य नव्हे, ते खरेखुरे अरण्य आहे, एवढेच ध्यानात यावे.

अशा मुक्कामावर यात्रेकरूंमध्ये सहसा दोन पक्ष पडतात. एक पक्ष म्हणतो, वानर हे हनुमंताचे रूप. ते आपल्या पानापाशी आले म्हणजे देवच आला. त्याला रिकाम्या हाताने परत पाठवणे म्हणजे यात्रेचे पुण्य घालवणे. दुसरा पक्ष म्हणतो, ही जनावरे चोर आहेत. त्यांना दगड मारून पळवून लावावे. एका रात्री आमच्याबरोबरच्या एका वृद्ध मावशी माझ्याकडे पाहून म्हणाल्या, “अरे, पुजाऱ्याचा मुलगा तू, आणि दाराशी आलेल्याला घास नाही म्हणतोस?” त्यांचा प्रश्न रागाचा नव्हता, दुःखाचा होता. म्हणूनच त्याचे उत्तर थट्टेने किंवा नियमाकडे बोट दाखवून देता येत नाही. ते धर्मविचारानेच दिले पाहिजे.

प्रथम मावशींची बाजू पूर्ण बळाने मांडली पाहिजे, कारण तिच्यामागे आपल्या संतांचे आचरण उभे आहे. नामदेव महाराजांची भाकरी कुत्र्याने पळविली, तेव्हा कोरडी भाकरी त्याच्या घशाला लागेल म्हणून महाराज तुपाची वाटी घेऊन त्याच्यामागे धावले, ही कथा आपण लहानपणापासून कीर्तनात ऐकतो. काशीहून रामेश्वरासाठी आणलेले गंगोदक नाथ महाराजांनी तहानेने तडफडणाऱ्या गाढवाच्या मुखी घातले, हीही कथा तितकीच परिचयाची आहे. ज्या परंपरेत जनावराने नेलेल्या अन्नामागे काठी घेऊन नव्हे तर तूप घेऊन धावणारा पुरुष वंद्य ठरतो, त्या परंपरेतील माणसाने शिदोरीला कुलूप घालावे, हे वरवर पाहता विपरीतच वाटते.

परंतु या कथा थोड्या अधिक बारकाईने पाहिल्या पाहिजेत. कुत्रा हा गावचा प्राणी आहे. हजारो वर्षांपूर्वी त्याने मनुष्याची संगत धरली. त्याचे पोट, त्याचा निवारा आणि त्याची राखण ही सारी आपल्या उंबरठ्याशी बांधलेली आहेत. गाढवाचेही तसेच. मनुष्याने त्याच्या पाठीवर ओझे लादले, म्हणून त्याच्या तहानेचे ऋणही मनुष्यावर आहे. शिवाय नाथांनी पाणी दिले ते मरणाच्या दारी पडलेल्या जीवाला. गिरनारचे वानर आपल्या ऋणात नाही, आपणही त्याच्या ऋणात नाही. त्याचे अन्न वनाने त्याच्यासाठी मांडून ठेवलेले आहे. ते आपल्याजवळ येते ते उपाशी म्हणून नव्हे, तर आपल्यापूर्वी येऊन गेलेल्या कोणीतरी त्याला सवय लावली म्हणून. आर्ताला दिलेले पाणी आणि सवयीला दिलेला घास या दोन गोष्टी एकाच तागडीत घालता येत नाहीत.

येथे गीतेचा सतराव्या अध्यायातील विचार उपयोगी पडतो. दान सात्त्विक ठरते ते देश, काल आणि पात्र पाहून दिल्यामुळे. अस्थानी, अवेळी आणि अपात्री दिलेले दान तामस ठरते. आपण पात्र या शब्दाचा अर्थ पुष्कळदा घेणाऱ्याची योग्यता असा संकुचित करतो. पण पात्र म्हणजे भांडेही. ज्या भांड्यात जे टिकते तेच त्यात घालावे. ताक तांब्याच्या भांड्यात ठेवले तर ते कळकते; त्यात ताकाचाही दोष नाही आणि तांब्याचाही नाही. दोष दोन्ही एकत्र आणणाऱ्या हाताचा.

देवपूजेतही आपण हाच नियम पाळतो. गणपतीस तुळस वाहत नाहीत, शंकरास केवडा वाहत नाहीत. माझे वडील देवळात पूजा करतात. कोणी भाविक श्रद्धेने तुळशीची माळ गणपतीसाठी घेऊन आला, तर ते ती हळूच बाजूला ठेवतात आणि दूर्वांची जुडी त्याच्या हाती देतात. तुळस अपवित्र आहे म्हणून नव्हे, किंवा भाविकाचा भाव खोटा आहे म्हणूनही नव्हे. ज्या देवाचे जे, तेच त्याला द्यावे म्हणून. मग जो वानरात हनुमंत पाहतो, त्याने या हनुमंताचा नैवेद्य कोणता, हे विचारावयास नको काय? केवळ आपल्या हाताशी आहे म्हणून फरसाण, बिस्किटे आणि बटाट्याच्या चकत्या त्याच्यापुढे टाकणे ही पूजा नव्हे, पूजेतील अनाचार होय.

त्या नैवेद्याचा परिणाम काय होतो तेही पाहू. काळ्या तोंडाच्या, लांब शेपटीच्या ज्या वानरांना आपण हनुमंताच्या कुळातील मानतो, त्यांचे पोट आपल्यासारखे नसते. ते गायीगुरांच्या पोटाप्रमाणे कप्प्याकप्प्यांचे असते आणि त्यात असंख्य सूक्ष्म जीव झाडपाला आंबवून पचनास योग्य करतात. कोवळी पाने, कच्ची फळे, शेंगा, कळ्या हा त्यांचा आहार. खेड्यात वाढलेल्या माणसास ठाऊक असते की लग्नाच्या मांडवामागे टाकलेला भात आणि पोळ्या गायीने पोटभर खाल्ल्या तर तिचे पोट फुगते आणि प्रसंगी ती दगावते. गोड आणि पिठूळ अन्नाने वानराच्याही पोटातील तो नाजूक समतोल बिघडतो. आपण ज्यास प्रसाद म्हणून दिले, ते त्याच्या देहात रोग म्हणून राहते. त्या अन्नाबरोबर गेलेल्या पिशवीची गोष्ट तर आणखी वाईट. मिठाचा आणि तेलाचा वास लागलेली प्लास्टिकची पिशवी चितळ आणि सांबर अन्न समजून चावतात व गिळतात. ती पचतही नाही आणि बाहेरही पडत नाही.

देहाची हानी एक वेळ भरून निघेल. पण स्वभावाची हानी भरून निघणे कठीण. माणसाजवळ अन्न मिळते हे एकदा कळले की वानराचे माणसाविषयीचे भय जाते. मग ते मागत नाही, ओढते. ओढू दिले नाही तर दात दाखवते आणि चावते. आईबरोबर आलेली पिल्ले पाने ओळखण्याऐवजी पिशव्या ओळखावयास शिकतात. सप्तशृंगीच्या गडावर किंवा त्र्यंबकेश्वरी ज्यांच्या हातची प्रसादाची पुडी माकडाने हिसकावून नेली आहे, त्यांस हे विस्ताराने सांगावयास नको. यानंतर लोक तक्रार करतात, पिंजरे येतात, दगड आणि काठ्या येतात. ज्या जीवास काल घास घातला, त्याला आज त्याच घासापायी मार बसतो. घास घालणारा मात्र तोवर आपल्या गावी परतलेला असतो.

भागवताच्या एकादश स्कंधात अवधूताने यदुराजास आपले चोवीस गुरू सांगितले आहेत आणि परंपरेने तो अवधूत म्हणजेच दत्तगुरू असे आपण मानतो. नाथ महाराजांच्या टीकेमुळे हा भाग मराठी भाविकाच्या विशेष परिचयाचा आहे. त्या चोवीस गुरूंत एक मासा आहे. आमिषाच्या गोडीने तो गळाला लागतो. जिव्हेवर जय मिळवला नाही तर नाश ठरलेला, हा त्याचा उपदेश. आपण हा उपदेश नेहमी माशाच्या बाजूने ऐकतो आणि स्वतःस मासा समजून सावध होतो. पण गिरनारच्या वनात शिदोरी उघडून बसलेल्या आपणांस तो दुसऱ्या बाजूनेही ऐकला पाहिजे. तेथे जिव्हेचा मोह होणारा मासा म्हणजे वानर, चितळ किंवा रानडुक्कर. आणि गळ टाकणारा कोण? तो गळ आपल्या हातात आहे, आणि आपण त्यालाच दान म्हणतो आहोत.

उघड्यावर टाकलेल्या उष्ट्याचा दोष याहून दूरवर पोहोचतो. यात्रेचे उष्टे पडले की कुत्री येतात. कुत्री आली की त्यांच्यामागे बिबट्या येतो. अहिल्यानगर जिल्ह्यातील अकोले परिसरात विद्या अत्रेय आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी केलेला व २०१४ मध्ये प्रसिद्ध झालेला अभ्यास सांगतो की, तेथील बिबट्यांच्या भक्ष्याच्या एकूण वजनात सुमारे ८७ टक्के वाटा माणसाच्या आश्रयाने राहणाऱ्या जनावरांचा होता आणि त्यांत एकट्या कुत्र्यांचा सुमारे ३९ टक्के. आपल्या सुरत जिल्ह्यातही बारडोली, मांडवी, महुवा या भागांतील उसाच्या फडांत बिबट्याचा वावर आहे. ऊसतोडीच्या हंगामात डांगातून आणि खानदेशातून आलेली कुटुंबे फडाजवळच पाल ठोकून राहतात. त्यांची लेकरे उघड्यावर निजतात. तेथे कोणी वाटसरूने उरलेले अन्न टाकले, तर तो एका कुत्र्याला घास घालत नाही. तो त्या पालाच्या दिशेने एक वाट आखून देतो.

कुत्र्यांबरोबर रोगही येतात. २०१८ सालच्या सप्टेंबर-ऑक्टोबर महिन्यांत गीरच्या दलखाणिया भागात थोड्या दिवसांत २३ सिंह मृत्यू पावले आणि तपासणीत त्यांतील काहींमध्ये डिस्टेंपर नावाच्या रोगाचे विषाणू आढळले. हा रोग कुत्र्यांत नेहमी आढळतो आणि त्यांच्यापासून वन्य मांसभक्षकांस होऊ शकतो. आफ्रिकेतील सेरेंगेटीच्या अरण्यात १९९४ साली याच रोगाने सुमारे एक हजार सिंह दगावले होते. आशियाई सिंह स्वतंत्रपणे वनात राहतो तो साऱ्या जगात एका गुजरातमध्ये. २०२५ च्या गणनेप्रमाणे त्यांची संख्या ८९१ आहे. ज्या यात्रेत आपण सिंहाच्या घरी पाहुणे म्हणून जातो, तेथे उष्ट्यामागून कुत्र्यांची रांग नेणे हे पाहुण्याचे वर्तन नव्हे.

देणाऱ्याच्या समाधानासाठी दिलेले अन्न शेवटी घेणाऱ्यास कसे भोवते, याचा दाखला अमेरिकेतील यलोस्टोन या राष्ट्रीय उद्यानातही मिळतो. तेथे एके काळी उपाहारगृहांचा कचरा एका जागी टाकीत आणि अस्वले तो खावयास आली की ती पाहण्यासाठी प्रवाशांकरिता बाके मांडलेली असत. पुढे १९७० च्या सुमारास ते उकिरडे बंद करण्यात आले. पिढ्यान्‌पिढ्या त्यांवर वाढलेली अस्वले मग मुक्कामाच्या तंबूंकडे वळली आणि माणसास धोका झाला म्हणून पुष्कळ मारली गेली. १९७५ साली तेथील ग्रिझली अस्वलांस संकटग्रस्त म्हणून कायद्याचे संरक्षण द्यावे लागले. आज तेथे मुक्कामास राहणाऱ्याने आपले अन्न अस्वलास पोहोचणार नाही असे ठेवणे नियमानेच बंधनकारक आहे. यातून बोध असा की सवय लावणे सोपे असते, सोडवणे क्रूर असते. म्हणून ती मुळातच लावू नये.

आता दुसऱ्या पक्षाकडे वळू. शिदोरी राखणे हा धर्म आहे असे म्हटले, म्हणून दगड मारणे, गोफण चालवणे, फटाके फोडणे किंवा विस्तवाची लाकडे फेकणे हाही धर्म ठरत नाही. वानरास चोर म्हणणे हीसुद्धा चूक आहे. माझे आणि तुझे हा भेद मनुष्याने केला. ज्याला तो भेदच ठाऊक नाही, त्याच्याकडून चोरी घडू शकत नाही. गोकुळातील गौळणींनी बाळकृष्णाच्या भयाने शिंके उंच टांगले. पण त्यांचे लोण्यावर जितके लक्ष होते, तितकेच प्रेम कृष्णावर होते. राखणाऱ्याच्या मनात द्वेष असलाच पाहिजे असे नाही, हे त्या शिंक्याकडे पाहून कळते. आपण अन्न प्राण्यांपासून राखतो हे अर्धेच खरे आहे. वस्तुतः प्राण्यांना आपल्या अन्नापासून राखतो.

येथे अवधूताचा आणखी एक गुरू आठवतो, तो कुरर पक्षी. त्याच्या चोचीत मांसाचा तुकडा होता तोवर बलवान पक्षी त्याच्यावर तुटून पडले. तुकडा टाकताच तो सुखी झाला. यात्रेकरूस यातून अगदी व्यावहारिक शहाणपण मिळते. सारी काळजी घेऊनही वानराने पिशवी धरलीच, तर ओढाताण करू नये; ती सोडून द्यावी. दोन भाकरींसाठी हात फाडून घेणे हे शौर्य नव्हे. राखण आधी करावयाची असते. झोंबाझोंबी ही राखण चुकल्याची खूण आहे.

म्हणून येत्या कार्तिकात जे परिक्रमेस जातील, त्यांच्यासाठी काही गोष्टी सुचवाव्याशा वाटतात. पहिली गोष्ट, लागेल तेवढेच न्यावे. मधमाशी फार साठवते आणि मध नेणाऱ्यास गमावते, हाही अवधूताचाच धडा आहे; जे नेलेच नाही ते राखावे लागत नाही, आणि वाटेवर अन्नक्षेत्रांचा आधार असतोच. दुसरी, अन्न घट्ट झाकणाच्या डब्यात असावे. शिंके करून टांगल्याने कुत्रा, कोल्हा आणि रानडुक्कर यांच्यापासून ते वाचते. पण वानरास झाड म्हणजे अंगण, त्यामुळे त्याच्यासाठी डबाच हवा. तिसरी, अन्नाचे गाठोडे उशाशी घेऊन निजू नये आणि लहान मुलांच्या खिशात खाऊ राहू देऊ नये. निजण्यापूर्वी हात, तोंड व भांडी स्वच्छ धुवावीत. चौथी, उष्टे उघड्यावर टाकू नये आणि पुरूही नये, कारण रानडुक्कर वासावरून जमीन उकरते. ते डब्यात भरून परत आणावे. पाचवी, प्लास्टिक नेऊच नये. भाकरी फडक्यात बांधावी, जशी आपल्या आजोळी शेतावर जाताना बांधीत. सहावी, काळोखात एकट्याने वाटेबाहेर जाऊ नये व मुलांना मध्ये निजवावे. आणि एखादा प्राणी जखमी किंवा आजारी दिसला, तर स्वतः उपचार न करता वनरक्षकास कळवावे. त्या प्रसंगी तेच खरे भूतदयेचे कृत्य होय.

इतके करूनही मावशींचा प्रश्न पुरता सुटत नाही, हे मी जाणतो. “मग माझ्या हातून भूतयज्ञ कसा घडावा?” असे त्या विचारतील. त्यांस असे सांगता येईल की ज्या घासावर वानराचा अधिकार नाही, त्यावर अधिकार असलेले जीव पुष्कळ आहेत. शेजारच्या झाडाखाली एखादा थकलेला यात्रेकरू असतो. रात्रभर जागून वाट राखणारा वनखात्याचा मजूर असतो. यात्रा संपल्यावर आपण टाकलेला केर वेचणारे हात असतात. घरी आल्यावर गोठ्यातील गाय आहे, चैत्राच्या उन्हात पाण्याच्या परळाची वाट पाहणाऱ्या चिमण्या आहेत. आणि वनातील जीवांनाच द्यावयाचे असेल तर त्यांचे वन त्यांना जसेच्या तसे परत द्यावे.

शेवटी एक विचार सांगतो, जो मला सर्वांत महत्त्वाचा वाटतो. घास देण्यात देणाऱ्यास गोडी असते. वानराने हातातून पोळी घेतली की आपल्या मनाला गुदगुल्या होतात, मुले टाळ्या पिटतात, बरोबरचे लोक वा म्हणतात. हात आवरण्यात यातले काहीच नाही. झाकण लावलेल्या डब्याची कोणी स्तुती करीत नाही आणि ज्या वानराचे आपण भले केले ते वानरही आपल्यावर रुष्टच होऊन जाते. म्हणूनच हे दान कठीण आहे. ज्यात देणाऱ्याच्या मनाला काहीच मिळत नाही, ते दान फलाची अपेक्षा टाकून केलेल्या कर्माच्या अधिक जवळ जाते. परिक्रमेचा आरंभ एकादशीस होतो, हे या दृष्टीने मला फार अर्थपूर्ण वाटते. त्या दिवशी आपण आपल्या जिव्हेला उपवास घडवतो. वनात पाऊल टाकताना आपल्या हातालाही एक उपवास घडवावा.

भाविक वाचकहो, भूतदया म्हणजे प्राण्यांना आपल्यासारखे करणे नव्हे. त्यांना त्यांच्यासारखे राहू देणे होय. घरी गायीस घास घालणारा हात आणि वनात शिदोरीचे झाकण लावणारा हात हे एकाच धर्माचे दोन हात आहेत. पहिल्याने भूतयज्ञ घडतो, तसाच दुसऱ्यानेही घडतो. गुरुशिखरावर पादुकांपुढे मस्तक ठेवताना आपणांस असे म्हणता यावे की, महाराज, तुमच्या वनात पाच दिवस राहिलो, आणि तुमच्या लेकरांपैकी एकाच्याही तोंडी वाईट चव ठेवून आलो नाही. दत्तगुरू ही बुद्धी आपणां सर्वांस देवोत, एवढीच प्रार्थना.